दोन मिनिटांची दाढ : एका भूलतज्ज्ञाचं खुलं पत्र

साथीच्या काळात कोणती आरोग्यसेवा चालू ठेवायची आणि कोणती थांबवायची, हे ठरवणाऱ्या सर्वांस,

सादर नमस्कार.

मी दंतवैद्य नाही, हे आधीच सांगून टाकते. दातांच्या दवाखान्यांशी माझा पैशाचा, नात्याचा किंवा संघटनेचा काही संबंध नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाच्या डोक्याशी उभं राहायचं आणि त्याचा श्वास सांभाळायचा, हे माझं काम. दात हा एरवी माझ्या लेखी किरकोळ अडचणीचा विषय. कवळी असेल तर काढून ठेवायला सांगायची, नळी घालताना पुढचा हलणारा दात पडणार नाही एवढं बघायचं, संपलं. 2020 सालच्या लॉकडाऊनमध्ये मात्र दातांनी मला अपरात्री इतक्या वेळा उठवलं की आता तुम्हाला लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यातली एक रात्र सांगते. जबड्याच्या सर्जनचा फोन आला. ‘दाढेवरून सूज आहे, मानेपर्यंत उतरली आहे. तोंड जेमतेम एक बोट उघडतंय. आडवा होत नाहीये.’ यातलं तिसरं वाक्य ऐकलं की कुठल्याही भूलतज्ज्ञाची झोप उडते. माणूस आडवा होत नाही याचा अर्थ आडवं झाल्यावर त्याला श्वास घेता येत नाही.

चाळिशीतला माणूस होता. स्ट्रेचरवर बसलेला, दोन्ही तळहात मांड्यांवर रोवून पुढे झुकलेला. मास्क होता आणि मास्कच्या खालच्या कडेतून लाळ ठिबकत होती, कारण थुंकीसुद्धा गिळवत नव्हती. मास्क खाली केला तेव्हा सूज दिसली. हनुवटीखालचा सगळा भाग लाकडासारखा टणक, बोटानं दाबून खड्डा पडेना. जीभ खालून ढकलली जाऊन टाळूला टेकलेली. तो बोलायला गेला की तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा आवाज यायचा. मी पीपीई किटमध्ये, दोन मास्क, वर फेसशील्ड. माझं बोलणं त्याला कळेना आणि त्याचं मला. शेवटी त्यानं खिशातून एक चतकोर कागद काढला, खुणेनं पेन मागितलं आणि लिहिलं : ‘आडवं करू नका.’

कागद मागून लिहिलेला होता म्हणून मी उलटून पाहिला. फोनवर सांगितलेली औषधं त्यानं स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली होती. तीन तारखा होत्या. पहिल्या तारखेला अमॉक्सिसिलिन आणि पॅरासिटामॉल. सहा दिवसांनी पुन्हा तेच, जोडीला मेट्रोनिडाझोल. आणखी पाच दिवसांनी तिसरं, जरा वरच्या पायरीचं अँटिबायोटिक. तिन्ही नोंदींच्या खाली एकच ओळ, तिन्ही वेळा जशीच्या तशी : ‘दवाखाने सुरू झाल्यावर दात दाखवणे.’

आता हा आजार काय आहे ते दोन परिच्छेदांत सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांना दातदुखी म्हणजे लवंग चावून काढायची रात्र एवढंच ठाऊक असावं. माझाही फार वेगळा समज नव्हता.

कीड खोल गेली की दाताच्या आतली नस सुजते आणि काही दिवसांत मरते. ती मेली की दुखणं कधी कधी चक्क थांबतं आणि माणूस सुटलो म्हणतो. पण मेलेल्या नसेत जंतू वाढत राहतात, मुळाच्या टोकाशी पू साठतो आणि तो हाड पोखरून बाहेर पडायची वाट शोधतो. वाट हिरडीतून मिळाली तर बरं, पुळी येते, फुटते, थोडक्यात निभावतं. खालच्या जबड्यात मागच्या बाजूला मात्र रचनाच वाईट आहे. तोंडाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी टांगलेली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेच्या मुळांची टोकं बहुधा या झोळीच्या खाली येतात. तिथला पू तोंडात न येता सरळ जबड्याखाली, मानेच्या कप्प्यांत उतरतो. हे कप्पे एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्यांचा उतार छातीपर्यंत, हृदयाभोवतीच्या जागेपर्यंत जातो. वरच्या दातांचा पू क्वचित डोळ्याकडे आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांकडेही चढतो.

दोन्ही बाजूंनी तोंडाचा तळ सुजून जीभ वर उचलली गेली की त्याला लुडविग अंजायना म्हणतात. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्यानं 1836 मध्ये त्याचं वर्णन केलं. या अंजायनाचा हृदयाशी संबंध नाही. गळा आवळणं हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. अँटिबायोटिक येण्यापूर्वी निम्म्याहून जास्त रुग्ण यात दगावत असत, आणि बरेचसे जंतुसंसर्गापेक्षा गुदमरूनच जात.

तर त्या रात्री. अशा माणसाला नेहमीसारखं झोपेचं इंजेक्शन देता येत नाही. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, उरलीसुरली फट बंद होते. मास्क दाबून हवा भरावी तर हवा जात नाही, तोंड उघडून नळी घालावी तर तोंड उघडत नाही. म्हणून माणूस जागा असतानाच, बसलेल्या स्थितीत, नाकातून बारीक कॅमेऱ्याची लवचीक दुर्बीण घालायची, श्वासनलिकेचं तोंड शोधायचं आणि दुर्बिणीवरून नळी सरकवायची. नाक आणि घसा औषध फवारून बधिर केलेला असतो, पण सुजलेल्या भागात बधिरीकरण नीट चढत नाही. शेजारी कान-नाक-घशाचे सर्जन हातमोजे घालून उभे असतात. गळ्यावर पेननं खूण केलेली असते, आम्हाला जमलं नाही तर तिथून गळा उघडायचा. त्या माणसाची सूज खुणेच्या जागेवरही आली होती. म्हणजे दुसरा रस्ताही धड नव्हता.

या सगळ्यात सगळ्यात मोठं औषध असतं ते बोलणं. ‘आता खोकला येईल, येऊ द्या. आता मोठा श्वास. झालंच.’ माझं बोलणं दोन मास्कांच्या आत अडकलेलं. गॉगल वाफाळलेला, पडद्यावरचं चित्र मी काचेच्या एका स्वच्छ कोपऱ्यातून बघत होते. तो खोकत होता, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, पुन्हा पुन्हा. त्याचा करोनाचा रिपोर्ट यायचा होता. एका क्षणी त्यानं माझं मनगट धरलं आणि नर्सनं त्याचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला तो नळी जाईपर्यंत सोडला नाही.

थिएटरमध्ये घेतल्यापासून नळी जागेवर बसेपर्यंत पावणेदोन तास लागले. मग सर्जननं हनुवटीखाली दोन्हीकडून छेद दिला. दुर्गंधी एन-95 मास्कमधूनही आली. निचऱ्याच्या रबरी पट्ट्या बसवल्या. मग भुलेमुळे सैल पडलेला जबडा उघडून, पकड लावून, खालची डावीकडची दुसरी दाढ काढली.

दाढ काढायला दोन मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं, ती माझी सवयच आहे.

सूज उतरेपर्यंत नळी काढता येत नाही, म्हणून तीन दिवस तो आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. रुग्णालयात एकूण अकरा दिवस. त्या रात्री थिएटरमध्ये आम्ही सात जण होतो, सात किट गेले. चौथ्या दिवशी नळी काढली तेव्हा घोगऱ्या आवाजात त्यानं पहिलं काय विचारलं असेल? ‘दाढ निघाली का?’

तुमच्याशी भांडण आहे ते इथे. दातांचे दवाखाने बंद करण्यामागे तुमची दोन कारणं होती आणि दोन्ही खोटी नव्हती. एक म्हणजे दातांच्या कामात तुषार उडतात, त्यातून विषाणू पसरेल. दुसरं म्हणजे किट, माणसं, खाटा आणि व्हेंटिलेटर साथीच्या रुग्णांसाठी राखायला हवेत. आता त्या माणसाचा हिशेब बघा. त्याची दाढ पहिल्या आठवड्यात एका खुर्चीवर, जागेवर बधिर करून, एका डॉक्टरनं आणि एका मदतनिसानं काढली असती. ती टाळली आणि बदल्यात काय मिळालं? जागा माणूस खोकत असताना त्याच्या श्वासनलिकेत नळी घालणं, ज्या कामाची त्या काळात आम्हा सगळ्यांना सर्वांत जास्त धास्ती होती. सात किट. एक आयसीयूची खाट आणि एक व्हेंटिलेटर, तोही अशा वेळी, जेव्हा तुम्ही एकेक व्हेंटिलेटर मोजत होता. जे वाचवायचं म्हणून दार लावलं, तेच मागच्या दारानं खर्च झालं.

तुषारांबद्दल थोडं बारकाईनं बोलायला हवं, कारण सगळा गोंधळ त्या एका शब्दात आहे. दात कोरायची हवेवर चालणारी मशीन मिनिटाला 3 लाखांहून जास्त फेरे घेते, तिच्यावर पाण्याचा फवारा असतो, तिचे तुषार खोलीभर उडतात. दात साफ करायच्या कंपनाच्या मशीनचंही तेच. त्यांची भीती रास्त होती. पण पकडीनं दात उपटणं किंवा गळवाला छेद देऊन पू काढणं यात मशीन लागतच नाही. हातानं करायची कामं आहेत ती. काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांनी 2020 मध्येच ही कामं तुषार न उडवणाऱ्या गटात टाकली होती. कधी मूळ तुटतं, मग हाड कोरावं लागतं, हे मान्य. सरसकट सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण दात पांढरे करणं, दात साफ करणं, रूट कॅनल आणि सडलेली दाढ काढणं हे सगळं ‘दातांचं काम’ म्हणून एकाच कुलपात गेलं, ही चूक होती. प्रामाणिकपणे हेही सांगते की पुढे मोजमापं झाली तेव्हा झोपलेल्या रुग्णाला नळी घालताना आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी तुषार उडतात असं दिसलं. जास्त उडतात ते खोकल्यानं. पण लुडविगच्या रुग्णाला जागेपणीच नळी घालावी लागते, आणि जागा माणूस खोकतो.

तुम्ही म्हणाल, तातडीची दंतसेवा आम्ही कधीच बंद केली नव्हती. कागदावर नव्हती, खरं आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशननं 16 मार्च 2020 रोजी फक्त टाळता येण्याजोगी कामं पुढे ढकलायला सांगितली होती. इंग्लंडमध्ये 25 मार्चला नेहमीची दंतसेवा थांबवली, पण निवडक तातडीची केंद्रं उभी करायचं ठरलं. दवाखाने 8 जूनपासून हळूहळू उघडू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑगस्टमधल्या सूचनेतही तातडीचे उपचार चालू ठेवा असंच होतं. पण ‘तातडीचं’ म्हणजे काय? श्वासाला धोका असलेली सूज, न थांबणारा रक्तस्राव, जबड्याचा अपघात. नुसतं दुखणं बहुतेक ठिकाणी त्या रेषेच्या अलीकडे राहिलं, गोळ्यांवर भागवा म्हणून. दुखणारा दात आणि मान सुजवणारा दात हे दोन वेगळे दात असल्यासारखी ती व्याख्या होती. माझ्या रुग्णाचा एकच होता. पहिल्या फोनला तो पुरेसा आजारी नव्हता, दुसऱ्या फोनलाही नव्हता. पात्र ठरला तेव्हा तो माझ्याकडे आला.

आणि गोळ्या. इंग्लंडमध्ये त्या काळाचं सूत्रच ठरलं होतं : सल्ला, वेदनाशामक, अँटिबायोटिक, आणि तिन्ही फोनवरून. तिथे एप्रिल ते जुलै 2020 मध्ये दंतवैद्यांनी लिहिलेली अँटिबायोटिक आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी वाढली, तीही दवाखाने बराच काळ जवळपास बंद असताना. दंतवैद्यांना मी दोष देत नाही. हातातली पकड काढून घेतल्यावर उरतं ते पेन. पण मेलेल्या नसेत रक्त जात नाही. जिथे रक्त जात नाही तिथे रक्तातून जाणारं औषध पोचणार कसं? साठलेल्या पुवातही ते फारसं शिरत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत. गोळ्यांनी भोवतालची सूज जरा ओसरते, ताप उतरतो, माणसाला आणि फोनवरच्या डॉक्टरला दोघांनाही बरं वाटतं. कोर्स संपला की चार दिवसांत सूज परत, आधीपेक्षा खोल. ज्या कागदावर तीन तारखा होत्या त्यावर हेच तर लिहिलेलं होतं.

वेदनाशामकाची गंमत वेगळीच. दातदुखीवर आयबुप्रोफेन चांगलं चालतं. पण मार्च 2020च्या मध्यात करोनात ते घेऊ नये अशी आवई उठली. फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनीच तसं जाहीर सांगितलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं काही दिवसांतच, अशी मनाई आम्ही करत नाही, असं स्पष्ट केलं. पण भीती एकदा घरात शिरली की खुलाशानं बाहेर पडत नाही. मग लोक नुसत्या पॅरासिटामॉलवर. दर दोन तासांनी. मोठ्या माणसासाठी 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही दिवसाची कमाल मर्यादा. दाढ ठणकत असताना रात्री तीन वाजता मोजदाद कोण ठेवतं? यकृताला इजा होईपर्यंत नकळत पॅरासिटामॉल खाणाऱ्यांत दातदुखीचे रुग्ण असतात, हे साथीच्या आधीपासून माहीत असलेलं आहे. म्हणून सूज घेऊन आलेल्या प्रत्येकाला आम्ही पहिलं विचारायचो, गोळ्या किती खाल्ल्या. उत्तर बहुधा ‘लक्षात नाही’ असं यायचं.

आणखी एक अडथळा कोणी मुद्दाम उभा केला नव्हता, तरी तो होता. ताप आणि गिळताना त्रास ही दाढेच्या संसर्गाची लक्षणं, आणि त्या दिवसांत ही दोन लक्षणं सांगितली की माणूस थेट संशयित करोनाच्या रांगेत. एक तरुण मुलगी संशयितांच्या वॉर्डात जवळजवळ दीड दिवस रिपोर्टची वाट बघत होती. तोंड उघडत नव्हतं म्हणून स्वॅब नाकातून घेतला, अशी नोंदसुद्धा कागदावर होती. पण तोंड का उघडत नाही हे कोणी विचारलं नाही, आणि मास्क खाली करायला कोणी सांगितलं नाही. संसर्ग टाळायचा म्हणून सगळे तिच्यापासून दोन हात लांब उभे होते. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा सूज गालावरून मानेवर उतरली होती. तिच्यावर वेळेत उपचार झाले, एवढंच बरं.

2020च्या मार्चमध्ये तुमच्या जागी मी असते तर मीही सगळं बंद केलं असतं. किट नव्हती. आम्हालाच पुरत नव्हती, दातांच्या डॉक्टरांना कुठून मिळणार? रुग्णाच्या उघड्या तोंडावर वाकून काम करणाऱ्यांना धोका सर्वांत जास्त असेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. पहिले दोन-तीन आठवडे कोणाला काहीच कळत नव्हतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोकही घाबरून घरी बसले, उघड्या दवाखान्यातसुद्धा आले नाहीत. तेही सगळं तुमच्या माथी मारत नाही. तक्रार त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल आहे. बंद करायचा आदेश एका दिवसात निघाला. निदान दाढ काढायला तरी उघडा, असा आदेश निघायला महिने लागले, आणि मधल्या काळात ठणका, सूज, ताप ही सगळी आपापल्या गतीनं पुढे जात राहिली.

यातलं बरंचसं आकड्यांत दिसणारच नाही, याची मला जास्त काळजी आहे. त्या काळात दातांच्या संसर्गामुळे दाखल झालेल्यांची संख्या कुठे कमीही दिसेल. म्हणून प्रश्न नव्हता असं कृपया म्हणू नका. हृदयविकाराचा झटका घेऊन येणारे रुग्णही त्या महिन्यांत कमी झाले होते, म्हणून झटके यायचे थांबले असं कोणी म्हणालं नाही. बघायचं असेल तर आलेले किती सुजून आले ते बघा, किती जणांना संपूर्ण भूल लागली, किती जण व्हेंटिलेटरवर गेले.

तेही बघता येईल की नाही, शंका आहे. आमच्या नोंदींत अशा रुग्णाला बहुतेकदा ‘के 12.2’ हा कोड मिळतो, म्हणजे तोंडाचा सेल्युलायटिस (मऊ भागात पसरणारा जंतुसंसर्ग) आणि गळू. मुळाशी असलेल्या दाताचा कोड वेगळा, ‘के 04.7’, आणि तो टाकायचं कष्ट रात्रपाळीचा दमलेला निवासी डॉक्टर घेईलच असं नाही. छातीत पू उतरून माणूस गेला तर मृत्यूच्या दाखल्यावर सेप्सिस, म्हणजे अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग, एवढंच येतं. दाढ कुठेच येत नाही. सतराव्या शतकात लंडनमध्ये आठवड्याच्या आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जायची, तिच्यात ‘दात’ हे मृत्यूचं स्वतंत्र कारण असे आणि त्याखालचा आकडाही मोठा असे. त्यात दात येण्याच्या वयात दगावलेली तान्ही मुलं खूप असत, त्यामुळे त्या यादीवर फार विसंबता येत नाही. पण निदान तो शब्द तरी होता. आपल्याकडच्या याद्यांतून तो गळून पडला आणि त्याबरोबर दातानं माणूस मरू शकतो ही समजही. जगात 350 कोटी माणसांना तोंडाचा कसला ना कसला आजार आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2022च्या अहवालात म्हटलं. त्यातल्या सुमारे 200 कोटींच्या पक्क्या दातांत कीड आहे. पुढची साथ येईल तेव्हाही या दाढा तोंडात असतीलच.

म्हणून मागणं सांगते. मोठं नाही.

दाढ काढणं आणि पू काढणं ही दोन कामं साथीच्या पहिल्या दिवसापासून चालू राहतील, असं आराखड्यात आधीच लिहून ठेवा. दात वाचवण्याची कामं थांबली तरी चालतील. माझे दंतवैद्य मित्र यावर नाराज होतील, वाचवता येणारा दात काढणं त्यांना पाप वाटतं, आणि सामान्य काळात त्यांचंच बरोबर आहे. पण दवाखाना उघडणारच नसेल तर दात गेलेला परवडला. त्यासाठी सगळे दवाखाने उघडे ठेवायची गरज नाही. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात, करोनाच्या रांगेपासून दूर, हवा खेळती असलेल्या एका खोलीत एक खुर्ची, पकडींचा एक संच, जागेवर बधिर करायचं औषध आणि पाळीनं येणारे दंतवैद्य एवढं पुरतं. त्या महिन्यांत कितीतरी दंतवैद्य घरी बसून होते, काही स्वॅब घ्यायला गेले. हात मोकळे होते. मात्र किटच्या वाटपात त्यांचं नाव आधी घाला, मग कामाला बोलवा.

फोन चालू ठेवा, फोनला माझा विरोध नाही. पण फोनवर बसणाऱ्याच्या हाती मोजके प्रश्न द्या. तोंड किती बोटं उघडतं? आपली थुंकी गिळता येते का? उताणं झोपता येतं का? जीभ वर उचलल्यासारखी वाटते का? सूज जबड्याच्या कडेखाली किंवा डोळ्यापर्यंत गेली आहे का? यातल्या कशाचंही उत्तर वाईट आलं तर तिथून थेट रुग्णालय, मधे काही नाही. आणि फोनवर माणसाचा आवाज ऐका. गरम घास धरल्यासारखा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, तो ओळखायला शिकवता येतो. व्हिडिओ असेल तर मास्क काढायला सांगा. घरात एकट्या बसलेल्या माणसालाही मास्क लावून कॅमेऱ्यासमोर बसलेलं मी पाहिलं आहे.

अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स रुग्ण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय लिहू नये, असा नियम करा. एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदा मागायची वेळ आली याचाच अर्थ पहिल्यानं काम झालं नाही. मधुमेही, गरोदर बाई, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारा माणूस असेल तर पहिल्या फोननंतरच बोलवा. हा एवढा नियम त्या वर्षी असता, तर माझ्या रुग्णाची दाढ सहाव्या दिवशी निघाली असती.

आणि नोंद ठेवा. दाखल झालेल्या प्रत्येक तोंडाच्या गळवाच्या केसपेपरवर एक रकाना : कोणता दात, पहिल्यांदा कधी दुखला, मदत कितीदा मागितली. हे तीन आकडे असते तर आज मला एका रात्रीची गोष्ट सांगून तुमची समजूत घालावी लागली नसती.

त्या कागदाचं म्हणाल तर तो मी केसपेपरला पिन करून ठेवला. ‘आडवं करू नका’ वर दिसावं म्हणून त्या बाजूनं लावला होता. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या सर्जननं तो उलटून लावला, तारखांची बाजू वर.

पुढच्या आराखड्याचा मसुदा तयार होत असेल तर दंतसेवेचं पान कोण लिहीत आहे, एवढं कळवावं. मी येऊन बसायला तयार आहे. रात्रपाळी नसेल त्या कुठल्याही दिवशी.

आपली,
एक भूलतज्ज्ञ